वळसेअप्पा आणि बाहेरची हवा

आमचे शेजारी अप्पा गुरव यांच्या गाडीत श्वाससुद्धा त्यांच्या परवानगीने घ्यावा लागतो.

त्यांच्या गाडीत एसीच्या बटणाशेजारी आणखी एक बटण आहे. त्यावर गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात गर्रकन वळलेला बाण. ते दाबलं की बाहेरची हवा बंद, आतलीच हवा फिरत राहते. अप्पांनी त्या बटणाचं बारसं केलं : वळसा. कोपरीच्या आमच्या सोसायटीने मग अप्पांचं केलं : वळसेअप्पा.

अप्पा ज्या कचेरीतून निवृत्त झाले, तिथे त्यांचं मत कोणी कधी विचारलं नाही. ती सगळी मतं आता गाडीत ऐकायला मिळतात.

"उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबसल्या वळसा लावतो तो गाढव," ते मला सांगतात. "भट्टी कोंडून ठेवतोस काय? आधी काचा खाली. गरम हवा जाऊ दे. मग एसी, मग वळसा. गार झालेली हवाच पुन्हा गार करायची, सोपं काम. नाहीतर एसी बिचारा अख्खा ठाणे जिल्हा गार करत बसतो."

"आणि एसी बंद, नुसता वळसा?"

"मग न्हाणीघर! काचांवर वाफ. एसी हवेतलं पाणी काढतो, वळसा हवा घरात राखतो. नवरा-बायकोचा संसार आहे रे तो."

"त्यात नवरा कोण?" मागच्या सीटवरून अप्पांच्या पत्नी, सुमनवहिनी, विचारतात. मग स्वतःच म्हणतात, "सारखा घरघरतो तो असणार."

अधूनमधून वळसा सोडायचा, हाही अप्पांचा नियम. आपलेच श्वास परत परत घेतले की पेंग येते म्हणे. खरं असावं. बंद काचांआडून कळव्याची खाडी, मुंब्र्याचा डोंगर, शिळफाट्याचे ट्रक पाण्याखालून सरकल्यासारखे निःशब्द जात राहतात आणि आपण कुठे निघालोय हे विसरायला होतं. वास मात्र एकही आत येत नसे. खाडीची ओहोटी असो की डोंबिवलीच्या कारखान्यांची हवा, अप्पांचं बोट अर्धा किलोमीटर आधीच बटणावर.

गेल्या वर्षी सुमनवहिनींना ताप आला. ताप गेला तो वास घेऊन गेला. फोडणी करपली तरी कळेना, मोगरा हुंगला तरी नाही. डॉक्टर म्हणाले, "येईलही परत." त्यातला 'ही' अप्पांनी ऐकलाच नाही.

तेव्हापासून अप्पांचं शास्त्र उलटं झालं. जिथे वळसा लावायचे, तिथे सोडू लागले. खाडी आली की बाहेरची हवा चालू. कचऱ्याची गाडी दिसली की तिच्या मागेमागे. मी नाकाला रुमाल लावून बसे आणि अप्पा आरशात बघून विचारत, "सुमे, काही?"

"नाही हो."

"एवढा घाण वास, आणि काहीच नाही?" ते जणू कळव्यावरच नाराज होत.

परवा वहिनींच्या भाच्याच्या साखरपुड्याला मोहन्याला निघालो. मोहने हे त्यांचं माहेर. "आमच्याकडे पाहुणे रुमालात नाक धरून यायचे," त्या हसून म्हणाल्या, "कारखान्याचा वास! हे मला बघायला आलेले, तर पोहे तसेच ठेवले. म्हटलं, मुलगी नापसंत."

"वासात खाववेना गं," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आता बंद आहे रे तो कारखाना. कित्येक वर्षं झाली. धूर नाही, वास नाही."

खाडीपाशी "काही?" झालं. शिळफाट्याला झालं. डोंबिवलीला अप्पांनी गाडी कडेला घेऊन काचाही उतरवल्या. "नाही हो," वहिनी म्हणाल्या. अप्पांनी काचा वर घेतल्या आणि त्यानंतर विचारलं नाही. कल्याण गेलं, शहाड गेलं.

मोहन्यात कारखान्याची लांबच लांब भिंत सुरू झाली. भिंतीवर पिंपळ उगवलेले, फाटकाला कुलूप. अप्पा सरळ समोर बघत गाडी चालवत होते.

"अहो," मागून आवाज आला, "वळसा लावा."

"काय?"

"लावा म्हणते ना. वास येतोय. आमच्या कारखान्याचा."

मी गुपचूप दीर्घ श्वास घेतला. तापलेली धूळ आणि थोडं सुकलेलं गवत. आणखी काही नाही.

अप्पांनी आरशात पाहिलं. वहिनी पदर नाकाला लावून खिडकीबाहेर बघत होत्या.

"येतोय खरा," अप्पा म्हणाले. "काय उग्र आहे गं." आणि त्यांनी बटण दाबलं.

पुढच्या वळणावर वहिनींचे भाऊ दारात उभे होते, हात हलवत. अप्पांनी गाडी थांबवली. एसी घरघरत राहिला. खाली कोणीच उतरलं नाही, आणि अप्पांचं बोट अजून वळशावरच होतं.