सात डाग आणि एक भोक

सुरक्षिततेच्या बाबतीत माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. माणूस कुठे, कसा आणि किती मूर्खपणाने भाजतो, हे मला तोंडपाठ आहे. त्यामुळे सूर्यावरच्या डागांचा फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा तयारी कशी एकदम चोख!

रविवारी सकाळी बायको, सासूबाई आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर यांना गच्चीवर उभं करून मी अर्धा तास भाषण ठोकलं.

"नुसत्या दुर्बिणीतून सूर्याकडे बघाल, तर क्षणात डोळा जाईल! म्हणून हा सौरफिल्टर. पुढच्या तोंडावर घट्ट बसवायचा, कुठे फाटलाय का बघायचं. आणि डोळा लावायचाच नाही, सगळं कॅमेऱ्याच्या पडद्यावर!"

"झालं का? पाय दुखले," सासूबाई म्हणाल्या.

पडद्यावर सोललेल्या संत्र्यासारखा सूर्य आला. आणि त्यावर डाग! एक, दोन... चक्क सात! मी टोपी खाली ओढून दुर्बिणीवर वाकलो. कॅमेऱ्याचं वायरचं बटण मुठीत धरलं...

"काहीतरी जळतंय!" बायको किंचाळली. "अगंबाई, दूध!"

ती धाडधाड जिना उतरली आणि तशीच परत वर आली. दूध फ्रिजमध्ये, गॅस बंद.

"मग वायर असणार," सासूबाईंनी निदान केलं. डॉक्टर धावले आणि त्यांनी थेट इमारतीचा मेन स्विचच पाडला! लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. आत इमारतीचे चिटणीस. ते दार बडवत होते, माझ्या नावाने शंख करत होते. का, तर इमारतीत काहीही झालं की ते माझ्याच नावाने करतात!

मी जागचा हललो नाही. फोकस गेला असता ना!

डॉक्टर परत आले आणि दारातच थिजले. जन्मभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावणाऱ्या माणसाने स्वतःच आ वासला.

"अहो... तुमच्या डोक्यातून धूर येतोय!"

"विचार करतोय!" मी ऐटीत म्हणालो. आणि पुढच्याच क्षणी, "आई गं!"

सासूबाईंनी गच्ची धुवायची बादली उचलली आणि सगळीच्या सगळी माझ्यावर ओतली.

मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण असते. तिला झाकण लावायचं मी साफ विसरलो होतो! तिच्यातून आलेल्या उन्हाने माझ्या टोपीला रुपयाएवढं भोक पाडलं होतं, आणि खाली थोडे केसही गेले होते. टोपीच्या जागी सासूबाईंचा डोळा असता तर? मी आधी ते झाकण लावलं.

"फोटो तरी आला का?" बायकोने हळूच विचारलं.

आले होते की! घाबरून मूठ आवळली गेली होती, एका दमात एकशे त्रेचाळीस फोटो! फक्त माझ्या धडपडीत दुर्बीण सूर्यावरून सरकली होती, आणि त्या फिल्टरमधून सूर्याशिवाय काहीच दिसत नाही. मी पडदा पुढे केला. या कडेपासून त्या कडेपर्यंत काळाकुट्ट.

सासूबाई चष्मा पुसून बघतच राहिल्या.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "केवढा मोठा हा डाग!"