चौथ्या पिंडाची गोडी

आमच्या घाटावरचे कावळे आता अर्थशास्त्र शिकून पिंडाला शिवतात. प्राध्यापक हिर्लेकर कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यांनी पिंपळाखाली कावळ्यांचा वर्ग काढला, त्याचे हे प्रताप.

परवा माझ्या धाकट्या भावाचं, मुकुंदाचं, दहावं होतं. कावळा शिवल्याशिवाय त्याची सुटका नाही, हे काय मी सांगायला हवं? भात मीच शिजवला. रडता रडता जरा खाली लागला, पण म्हटलं, असू दे, त्याला खरवडच आवडायची.

पिंड मांडला. कावळा आला, बघितलं आणि मागे सरला.

"इच्छा राहिली असेल काहीतरी," खांबेटे गुरुजी म्हणाले.

भाच्याने, शिरीषने, हात जोडले. "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही." कावळा ढिम्म.

"वचनांचा काही संबंध नाही," कावळा म्हणाला. "हा माझा आजचा चौथा पिंड. पहिल्यात गोडी होती, दुसऱ्यात कमी, तिसरा कसाबसा गिळला. त्यापेक्षा समोर फरसाणवाला आहे."

"घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत!" हिर्लेकर कौतुकाने म्हणाले आणि वहीत टिपून घेतलं.

माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्या, तीस वर्षं रोज आधी तुला घास ठेवून मग जेवला तो! लाज वाटते का?"

"तो उपभोग संपला, ताई. आजच्या निर्णयात मागचं धरायचं नसतं."

"ताई म्हणू नकोस मला! मला ताई म्हणणारा गेला." मी गुरुजींकडे वळले. "दर्भाचा कावळा करा. खरा शिवला नाही तर तो चालतो ना?"

"चालतो," गुरुजी म्हणाले.

हिर्लेकरांनी हरकत घेतली. "पर्यायी कावळ्यालाही सिद्धांत लागू राहील."

"लागू द्या!"

गुरुजींनी दर्भ वळून चोच काढली आणि कावळा पिंडापुढे ठेवला. "माझा हा पहिलाच," तो म्हणाला आणि खाली मान घालून खायला लागला. शीतही ठेवलं नाही.

"आता इच्छा घटेल बघा," हिर्लेकर म्हणाले.

दर्भाच्या कावळ्याने चोच वर केली. "ताई, खरवड आहे का अजून?"

मी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.