शाल्मली धायगुडे हिणे तोंड दाखविले ती हकीकत

श्री. विद्येची देवता जेथे रेंज असेल तेथे नांदो. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरी राज्यात महामारी उद्भवली, आणि सरकारातून हुकूम सुटला की पाठशाळा बंद कराव्या, मुलांनी घरी बैसोन मोबाईलावर विद्या घ्यावी. हुकूम सुटला तो सुटला, मागे घ्यावयाची याद कोणास राहिली नाही. ते समयी आठवे इयत्तेत शाल्मली धायगुडे म्हणोन कन्या होती. हुशार, तोंडाळ, प्रश्न पुसोन मास्तरांस घाम फोडणारी. प्रथम तिणे मोठी उमेद धरिली, गणवेश लेवोन, दोन वेण्या घालोन बैसत असे. मग वरते गणवेश आणि खाली पायजमा ऐसे जाहले, मग वेण्या गेल्या, मग कॅमेरा बंद जाहला आणि ती पांघरुणातून हजेरी देऊ लागली. अवघा वर्ग याच मार्गे गेला. मातोश्री पुसत्या जाहल्या, "शिकतेस का झोपतेस?" हिणे उत्तर केले, "आई, दोन्ही चालू आहे."

इकडे शिक्षणमंत्री यांणी हजेरी पाहिली, ती पूर्ण भरली, बहुत संतोष पावले. तथापि कोणी कानी घातले की मुलांची उमेद खचली. मग उमेद वाढवावयास थोर वक्ते आणविले, त्यांणी हातवारे करोन घटकाभर भाषण केले, आणि त्यांचा माईक बंद होता हे अखेरपर्यंत कोणाचे ध्यानी आले नाही. मग सर्वांस प्रशस्तिपत्रे पावली.

गणित दमयंतीबाई गोसावी शिकवीत. त्या रोज काळ्या चौकटींपुढे समीकरणे सोडवीत. एके दिवशी मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणी आहे का रे तिकडे?" उत्तर आले नाही. बाई "बरं" म्हणाल्या आणि पुढील उदाहरण वाचू लागल्या, तो त्यांचा स्वर कातर जाहला. जिचे नजरेने सारा वर्ग चिडीचूप होई, ती बाई रडे आवरीत होती. शाल्मलीने केस पिंजारलेले, गालावर उशीचे वळ, तैसाच कॅमेरा उघडिला आणि म्हणाली, "बाई, मी आहे. पण मला दिवाळीपासून काहीच कळत नाहीये."

बाई डोळे पुसोन म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही शिकवणं नकोसं झालंय. तुला कुठपर्यंत कळलं होतं? तिथून धरू." मग आणखी एक चौकट उजळली, तेथे वर्गातील ईशान पोहे खात होता, आणि मग तिसरी. ते दिवशी एकच उदाहरण जाहले, तेही चुकले, परंतु उत्तरावरोन भांडण झकास जाहले, आणि तास सरला तरी शाल्मली उठली नाही.

हे वर्तमान दरबारी पोहोचले, आणि फर्मान निघाले की समस्त मुलांनी तोंड दाखवावे. मग राज्यभर मुलांनी चौकटीत आपापल्या हसऱ्या तसबिरी लाविल्या, आणि मंत्री उत्साह पाहोन धन्य जाहले.

सारांश, राज्याची विद्या तरली की बुडाली हे दरबार जाणे. शाल्मली दुसरे दिवशी तास भरण्याआधी तोंड धुवोन बैसली, इतके खरे.