म्हशीचे तत्त्व आणि दोन पंडितांचा निवाडा

आदितत्त्वास नमन करून, आणि ज्या चिखलात ते एकदा प्रकट जाहले त्या चिखलासही नमन करून, हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, वैशाखमास. एक राज्य होते; त्याचे नाव लिहू नये ऐशी आज्ञा आहे. वडील महाराजांचे कारकीर्दीत तेथे चीन देशीचे व्यापारी आले आणि रेशमाचे गाठोड्यासंगे तिकडील थोर पंडितांचा विचार आला. तो ऐसा की, आकाश, पृथ्वी, मनुष्य, गवताची काडी, सर्वांचे ठायी तत्त्व एकच. एका विरजणाने अवघ्या आळीचे दही लागावे तैसे. वायू दाटला म्हणजे देह होतो, विरळला म्हणजे देह जातो, परी तत्त्व जात नाही. आणि ज्यास ते उमगले त्याचे चित्त निर्मळ होते. विचार सर्वांस मानवला आणि मग ते तत्त्व शोधावे कोठे यावरून भांडण लागले.

गिरमाजीपंत आणि नागोजीपंत एका गुरूचे शिष्य, एका ताटात जेवलेले. गिरमाजीपंत म्हणत, तत्त्व वस्तूत आहे, एकेक वस्तू पाहावी. म्हणोन ते जात्यापुढे बसले, चिंचेपुढे बसले, मुंगळ्यापुढेही बसले आणि तेरा वर्षांत कापडात बांधलेल्या कागदांची एकेचाळीस बासने लिहून भरली. नागोजीपंत म्हणत, चित्त हेच तत्त्व, डोळे मिटावे म्हणजे झाले. यावरून अकरा वर्षे अबोला. तरी दर संक्रांतीस गिरमाजीपंत मित्राचे नावे तिळगूळ काढून ठेवीत आणि सायंकाळी रागे रागे स्वतःच खात. माणूस हट्टी, परंतु मनाचा फार ओला.

मग हल्लीचे महाराज या भांडणास कंटाळले आणि आज्ञा जाहली की, दोघांनी तळ्याचे काठी सात दिवस बसावे, समोर सकवार गवळणीची म्हैस चंद्री बांधावी; एकाने तिजकडे पाहून, दुसऱ्याने डोळे मिटून तिचे तत्त्व सांगावे; जो आधी आसन सोडील तो हरला, त्याने राज्य सोडून जावे. गिरमाजीपंतांची साठी उलटलेली, गुडघे दुखते, दुसरा देश माहीत नाही. त्यांनी बासने पुरावा म्हणोन काठावर रचली आणि बसले. महाराजही छत्राखाली निवाड्यास बसले.

सहा दिवस म्हैस रवंथ करीत राहिली आणि गिरमाजीपंतांचा कागद कोराच राहिला. सातवे दिवशी ऊन ऐसे तापले की चंद्रीने खुंटा उपटला आणि ती तळ्यात शिरली, पाणी आटलेले, खाली दलदल, पोटापर्यंत रुतली. पंतांनी इमानाने लिहिले, "चिखलात जाणे हा हिचा स्वभाव." म्हैस छातीपर्यंत गेली. पंतांनी लिहिले, "अधिक खोल जाते." इतक्यात चंद्रीने मान वळवून त्यांजकडे पाहिले. सात दिवस पंत म्हशीकडे पाहात होते. म्हशीने पंतांकडे पाहिले ते तेव्हाच. आणि सकवार काठावरून ओरडली, "अवं, माझी चंद्री गेली! धावा की कुनी!"

पुढे काय जाहले ते पंतांस स्वतःस कळले नाही. भानावर आले तो कमरेइतक्या चिखलात, आणि कपाळ कोणाचे कपाळावर आदळलेले. पाहतात तो नागोजीपंत!

"गिरमा, शिंग सोड, मानेखाली खांदा दे!" नागोजीपंत ओरडले.

"तू डोळे कधी उघडलेस?"

"हाक आली तेव्हा. आता बोलू नको, रेट!"

चोपदार धावले, शिपाई धावले, परंतु म्हैस हलेना. सकवार म्हणाली, "शेपूट काय वढताय! तिच्या पायाखाली कायतरी घाला, नायतर गेली ती!" जवळ ना फळी ना झाड. गिरमाजीपंतांनी काठाकडे पाहिले आणि म्हणाले, "बासने टाका."

"गिरमा, तेरा वर्षे!" नागोजीपंतांनी त्यांचा हात धरला.

"टाका म्हणतो ना!"

मग एकेचाळीस बासने एकामागून एक चिखलात गेली. जाते गेले, चिंच गेली, मुंगळा गेला. आणि त्यांजवर पाय रोवून चंद्री बाहेर निघाली आणि अंग झाडून सर्वांस चिखलाने न्हाणिले. सकवार तिच्या गळ्यात पडून रडली. गिरमाजीपंतही रडले, म्हशीकरिता की बासनांकरिता, हे विचारण्याचे धैर्य कोणास जाहले नाही.

दोघे पंडित हुजूर उभे राहिले. गिरमाजीपंत म्हणाले, "महाराज, आसन आधी आम्हीच सोडले. आम्ही जातो." नागोजीपंत म्हणाले, "खोटे बोलतो. आधी मीच उठलो." चोपदारास विचारिले तो म्हणाला, "सरकार, म्या कुठून बघनार? म्या बी पान्यातच व्हतो." महाराजांनी भोवताली पाहिले. ज्याचे त्याचे अंगावर चिखल. मग आपले पांढरे शुभ्र वस्त्र पाहिले.

"निवाडा सोपा आहे," ते म्हणाले. "एकच हाक आली आणि सर्वांचे ठायी एकच उठले. ते म्हशीत होते की चित्तात, हे आता कोण वेगळे काढील? तुम्ही दोघेही येथेच राहाल. हाक ऐकून बसून राहिलो ते एक आम्ही. हरलो ते आम्ही."

एणेप्रमाणे वर्तमान जाहले. उभय पंत पुढे एका ओसरीवर राहिले आणि भांडत राहिले, परंतु बोलून. गिरमाजीपंतांनी पुन्हा बासन बांधिले नाही. आणि हरल्याचा दंड म्हणोन दर वैशाखात त्या दिवशी महाराज अनवाणी तळ्यात उतरत आणि सकवारेची म्हैस आपले हाताने धूत. ती नीट धुतली की नाही, हे सकवार ठरवी.