हलतंय का बघ

श्रावणातल्या एका सोमवारी नंदूमामा गेले. चहा पिऊन खुर्चीत बसले होते. मामींनी पेपर द्यायला हाक मारली, तेव्हा ते गेले होते.

मलकपेठेतल्या त्यांच्या घरी मी गेली काही वर्षं दर रविवारी जात होतो. मी आत शिरलो की मामा मला टीव्हीसमोरच्या स्टुलावर बसवायचे आणि स्वतः टीव्हीच्या मागे दिसेनासे व्हायचे. मग तिकडून नुसता आवाज यायचा.

"आता?"

"हलतंय."

"आता?"

"अजून हलतंय, मामा."

"हौ. बस तिथंच. उठू नक्को."

पूर्वी घरोघरी एकजण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसरा खिडकीतून "आलं, गेलं" असं ओरडायचा. अँटेना केव्हाच भंगारात गेल्या. मामांनी ते खिडकीतलं काम मात्र माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

हलत होता तो वृषालीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, लहानपणीचा व्हिडिओ गेम. ती परदेशी गेल्यावर माळ्यावर सापडलेला. जुना टीव्ही होता तोवर ठीक चालायचा. नवा चपटा टीव्ही आला आणि चित्र थरथरू लागलं. उडी मारायला उभा असलेला तो इवलासा माणूस थंडी वाजल्यासारखा कुडकुडायचा. मामांना खेळता येत नव्हतं. पहिल्याच खड्ड्यात पडायचे. "खेळायचं कुणाला आहे?" ते म्हणायचे. "चित्र उभं राहिलं पाहिजे."

सुरुवातीला त्यांनी घोड्यांवर संशय घेतला. रेसकोर्स जवळच. घोडे धावले की आपली भिंत हादरते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून टीव्हीखाली गोधडी घातली. मग फ्रिजवर आळ आला. रविवारी सकाळभर फ्रिज बंद. "दही फसफसलंय," मामी आतून म्हणायच्या, "आता ते हलतंय का बघा."

खरं कारण सुलतान बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं. आधी त्याने त्यांना परतवायचा प्रयत्न केला. "चाचा, नवा लेलेओ ना. कायकू परेशान होरे?"

"हमना येच होना," म्हणजे मला हाच हवा, असं म्हणून मामा त्याच्या स्टुलावर बसले. ते उठत नाहीत असं पाहून त्याने सांगितलं.

मला ते मामांनी असं समजावलं: हा गेम प्रत्येक चित्रात एक ओळ किंचित आखूड पाठवतो. जुना टीव्ही तेवढं सांभाळून घ्यायचा. नवा प्रत्येक ओळ मोजतो. त्याला ती आखूड ओळ खटकते आणि चित्र थरथरतं. "जुन्याला माया होती रे," ते म्हणाले. "हा हिशोबनीस आहे."

उपाय म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक पट्टी. ती गेमच्या डब्यात सोल्डरिंगचा डाग देऊन बसवली की ओळ भरून निघते. मामांनी पट्टी आणली, चष्म्यावर चष्मा चढवून बसवली. पुढच्या रविवारी मी गेलो. हलतच होतं.

"डाग कच्चा राहिला असेल," ते म्हणाले. पुढे वायर बदलली, मग वायरीची पिन. माझं उत्तर बदललं नाही. दुपार झाली की ते जळमटं झटकत बाहेर यायचे. "आज राहू दे. आता आलाच आहेस तर जेवून जा."

आई गेल्यापासून मी अफझलगंजला एकटा राहतो. पुस्तकांची मुद्रितं तपासतो. कुणी जेवायला बोलावलं तर मी "बघतो" म्हणतो, आणि बघत नाही. मामांकडची गोष्ट वेगळी होती. तिथे मी कामासाठी जात होतो.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी मी पुन्हा गेलो. मामी म्हणाल्या, "लाव ना ते. घर फार गप्प झालंय."

मी गेम लावला. तो इवलासा माणूस उभा होता. अजिबात हलत नव्हता.

"मामी, हे थांबलंय."

"ते केव्हाचंच थांबलंय," मामी म्हणाल्या. "पट्टी बसवली त्याच दिवशी."

त्यांनी डबा फिरवून दाखवला. मागच्या बाजूला एक बारीक बटण बसवलेलं होतं. वर केलं की पट्टी चालू, खाली केलं की बंद.

"तुझी चाहूल लागली की खाली करायचे. मी म्हटलं, अहो, पोराला सांगून टाका. तर म्हणे, नक्को. अक्काचा मुलगा आहे, जेवायला ये म्हटलं तर यायचा नाही. काम सांगितलं तर नाही म्हणायचा नाही. तू आपली मूठभर डाळ जास्त टाक."

मी स्टुलावर बसलो. मामी गुडघ्यावर हात टेकत टीव्हीच्या मागे गेल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चित्र थरथरलं.

"आता?" मामींनी विचारलं.

"हलतंय," मी म्हणालो.

"मग राहू दे आज. आलाच आहेस तर जेवून जा."

रविवारी मी मलकपेठेला जातो. बटण खालीच असतं.