सार्वजनिक विश्वास आणि व्हर्नेल मावशींचं सॅलड

ज्या शहरातल्या लोकांचा पोलिसांवरचा विश्वास उडालेला असतो, त्या शहराला पहिली गरज असते समितीची आणि दुसरी काळ्या पोलिसप्रमुखाची. या दोन गोष्टी मिळाल्या की तिसऱ्या कशाची गरज उरत नाही, हे आमच्या हार्कनेस शहराने सिद्ध करून दाखवलं आहे. त्यात माझाही खारीचा वाटा आहे. मी, लेम्युएल गेन्स, त्या काळात पोलीस खात्याचा उपप्रमुख होतो आणि विश्वास समितीचा पदसिद्ध सचिवही. (पदसिद्ध म्हणजे ज्याला कुणी विचारलेलं नसतं असा.)

हार्कनेसची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. काहीतरी भयंकर घडतं. लोक रस्त्यावर येतात. महापौर दुःखी होतात. गोरे पोलिसप्रमुख प्रकृतीच्या कारणास्तव मासे पकडायला निघून जातात आणि त्यांच्या खुर्चीवर आमच्यातलं कुणीतरी बसवलं जातं. खुर्ची तीच असते, टेबल तेच असतं, खणातले नियमही तेच असतात. पण फोटो काढला की फरक स्पष्ट दिसतो. ओडेसा प्रुइट या अशा बसवलेल्या तिसऱ्या. पहिल्या दोघांची तैलचित्रं आमच्या जिन्यात लावलेली आहेत. दोघेही अर्धवट हसताहेत. चित्रकाराने हुबेहूब काढलंय.

ओडेसाबाई नदीकाठच्या वस्तीत वाढलेल्या. पायी गस्त घालण्यापासून वर चढत आलेल्या. त्यांना फारसं काही नको होतं. त्यांना एक नियम काढून टाकायचा होता.

तो नियम असा की गाडीत किरकोळ दोष दिसला तर शिपायाने ती थांबवावी. दिवा विझलेला असणं, काच तडकलेली असणं, आरशाला सुगंधी पुठ्ठा लटकत असणं, हे सगळे किरकोळ दोष. नियम साऱ्या शहराला सारखाच लागू आहे. एवढंच की नदीकाठी आमच्या शिपायांची नजर अतिशय तीक्ष्ण होते आणि टेकडीवरच्या बंगल्यांकडे वळताच त्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. नेत्रतज्ज्ञांना इथे संशोधनाला वाव आहे. एकदा गाडी थांबली की पुढे काय काय होऊ शकतं, हे नदीकाठच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यातली काही घरं त्या दिवसापासून एका माणसाने कमी आहेत.

ओडेसाबाईंनी शपथ घेतली त्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्या मावशी, सिस्टर व्हर्नेल, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. (आमच्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांचे ब्रदर नाहीतर सिस्टर.) वय ऐंशीच्या आसपास, जांभळी हॅट, आवाज पेटीवाल्यालाही दबकून वाजवायला लावणारा.

"ओडेसा, पोरी, गणवेश शोभतो हो तुला," त्या म्हणाल्या. "आता एक कर. माझ्या गाडीचा मागचा उजवा दिवा गेलाय म्हणून मला चोरासारखं रस्त्याच्या कडेला उभं करतात, ते बंद कर."

"करते, मावशी," ओडेसाबाई म्हणाल्या. सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. चर्चमध्ये दिलेला शब्द आमच्याकडे मागे घेता येत नाही. घेतला तर पुढच्या रविवारी कुठल्या बाकावर बसायचं, असा प्रश्न येतो.

(मावशी दिवा बदलत का नव्हत्या? बदलत होत्या. पण त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रेल्वेचे रूळ उखडलेले आहेत. गाडीला हिसका बसतो आणि दिवा पुन्हा जातो. रूळ नीट करण्याचा प्रश्न एका वेगळ्या समितीपुढे आहे. ती समिती अजून नेमायची आहे.)

नियम रद्द करायला विश्वास समितीची संमती आणि महापौरांची सही लागते. समितीत अकरा सभासद. त्यांपैकी दहा जणांनी नदीकाठी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची मतं निःपक्षपाती होती. समितीचं म्हणणं बिनतोड होतं. लोकांचा पोलिसांवर विश्वास नसताना नियम सैल केले तर अराजक माजेल. तेव्हा आधी विश्वास वाढू द्या, मग नियमाचं बघू. ओडेसाबाईंनी विचारलं, "नियमामुळेच विश्वास नसेल तर?" अध्यक्षांनी हा मुद्दा अत्यंत मोलाचा असल्याचं सांगून पुढचा विषय घेतला.

विश्वास वाढला हे कळण्यासाठी तो मोजायला हवा. त्यासाठी बाहेरगावाहून लिंडक्विस्ट नावाचे विश्वासतज्ज्ञ आणले गेले. ते तीन महिने विश्वासाचं माप शोधत होते. शेवटी एका संध्याकाळी ते प्रमुखांच्या खोलीत आले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या समाजात एखाद्यावर विश्वास आहे हे नेमकं कशावरून ओळखतात?"

ओडेसाबाई सकाळपासून उपाशी होत्या. "सोपं आहे," त्या म्हणाल्या. "त्याने केलेलं बटाट्याचं सॅलड लोक खातात का ते बघायचं."

आता हे खरंच आहे. आमच्याकडे मैदानात शेगड्या पेटवून सगळे जेवायला जमतात तेव्हा डुकराच्या बरगड्या कुणीही भाजाव्यात, पालेभाजी कुणीही आणावी. पण बटाट्याच्या सॅलडपाशी माणूस थांबतो, ताट छातीशी धरतो आणि हळूच विचारतो, "हे कुणी केलंय?" नाव ओळखीचं निघालं तरच चमचा पुढे जातो. लग्नं जुळवताना आम्ही एवढी चौकशी करत नाही. पण ओडेसाबाई थट्टेत बोलल्या होत्या. तज्ज्ञांपुढे थट्टा करू नये, एवढी एक गोष्ट त्यांना पोलिसांच्या शाळेत कुणी शिकवली नव्हती.

लिंडक्विस्टसाहेबांनी ते लिहून घेतलं. महिन्याभरात ते शहराचं अधिकृत माप झालं. पोलीस खात्यातर्फे दरवर्षी नदीकाठी वनभोजन व्हावं. त्यात खात्याचं बटाट्याचं सॅलड ठेवावं. जितकं संपेल तितका विश्वास. पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर नियम रद्द करण्याचा विचार व्हावा. ओडेसाबाईंनी ठराव वाचला आणि कपाळाला हात लावला. "ब्रदर गेन्स," त्या मला म्हणाल्या, "माझ्या तोंडाला कुलूप लावायला खात्यात एखादी बेडी आहे का बघा हो."

पहिल्या वर्षीचं सॅलड रीतसर निविदा काढून झालं. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळालं. आरोग्य विभागाने मीठ काढलं, विधी विभागाने अंडी काढली आणि सर्वसमावेशकता कक्षाने बेदाणे घातले. पिंपावर पाटी लावली, 'तुमच्याच पोलिसांनी तुमच्यासाठी प्रेमाने बनवलेलं'. लोक रांगेने आले. पाटी वाचून आणखी दोन पावलं मागे सरले. प्रत्येकाने विचारलं, "हे कुणी केलंय?" समितीने याची नोंद 'उपक्रमाविषयी लोकांमध्ये प्रचंड कुतूहल' अशी केली. संध्याकाळी मोजमाप झालं तेव्हा दोन टक्के सॅलड संपलं होतं. हे दोन टक्के कोण, याची चौकशी झाली. तो महापौरांचा कुत्रा निघाला. कुत्रा टेकडीवरचा रहिवासी असल्यामुळे आकडा शून्यावर आणावा लागला.

समिती हताश झाली नाही. शिपायांना बटाटे सोलण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. (दोन शिपाई जखमी. दोघांनीही बटाट्याने प्रतिकार केल्याचं नोंदवलं.) त्या काळात मावशींना रस्त्यात थांबवणं चालूच होतं आणि प्रत्येक रविवारी त्या ओडेसाबाईंच्या बाकाकडे नुसत्या बघत. ओडेसाबाई प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड खुपसून बसत. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी ओडेसाबाई मावशींकडे गेल्या. सोबत मीही होतो. व्हर्नेल मावशींचं सॅलड म्हणजे नदीकाठचं दैवत. पिवळ्या रंगाचं मोठं भांडं लांबून दिसलं की माणसं बोलणं अर्धवट सोडून उठतात. बटाटे, अंडी, मोहरीची चटणी, काकडीचं गोड लोणचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सर्वांत शेवटी त्या त्यात आणखी एक गोष्ट घालतात. ती कोणती, हे त्यांनी आजवर पोटच्या मुलींनाही सांगितलेलं नाही.

"म्हणजे माझं सॅलड तुमच्या पिंपात घालायचं?" मावशींनी विचारलं.

"तुझ्याच भांड्यात, मावशी. पोलिसांच्या टेबलावर फक्त."

"लोक माझं नाव ऐकून खातील. मग विश्वास तुमच्या नावावर कसा काय जमा होणार?"

"तो समितीचा प्रश्न आहे. मला सही हवीय."

"ओडेसा, ज्यांना माझ्या गाडीचा दिवा दिसतो आणि मी दिसत नाही, त्यांना तू मला जेवण वाढायला सांगतेस." मावशींनी चहाचा पेला बाजूला सारला. "बटाटे कोण सोलणार? ते तुझे शिपाई नकोत मला स्वयंपाकघरात."

"मी सोलते," ओडेसाबाई म्हणाल्या. त्यांनी गणवेशाच्या बाह्या वर केल्या आणि तेवढ्यावर मावशी विरघळल्या.

पुढच्या वर्षीच्या वनभोजनात पिवळं भांडं टेबलावर आलं. पहिल्या माणसाने ताट छातीशी धरून विचारलं, "हे कुणी केलंय?" मी म्हणालो, "सिस्टर व्हर्नेलनी." त्यानंतर मला बोलायला सवड मिळाली नाही. भांडं संपलं. मावशींनी शहाणपणाने गाडीत ठेवलेलं दुसरं भांडंही संपलं. पेटीवाल्याने पावाच्या तुकड्याने कडा पुसून घेतल्या. शिपायांनीही दोन-दोनदा वाढून घेतलं. लिंडक्विस्टसाहेबांनी आकडेमोड केली तेव्हा विश्वास एकशे अठरा टक्के भरला. शंभराच्या वरचे अठरा टक्के पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावेत, असं ठरलं.

महापौरांचे डोळे पाणावले. ओडेसाबाईंनी खिशातून आदेशाचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हे आता कशाला?" महापौरांनी विचारलं.

"ठरलं होतं. विश्वास वाढला की नियम जाईल."

"प्रमुखबाई, विश्वास नव्हता तेव्हा नियम बदलणं धोक्याचं होतं. आता एकशे अठरा टक्के आहे. म्हणजे लोक सध्याच्या नियमांवर खूष आहेत. त्यांच्या आवडीचा नियम मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ?"

अकरा जणांनी माना डोलावल्या. सचिव या नात्याने मी ते इतिवृत्तात लिहिलं. तर्कात मला अजूनही चूक सापडलेली नाही.

त्याच संध्याकाळी दोन्ही रिकामी भांडी घेऊन मावशी घरी निघाल्या. रुळांवर गाडीला हिसका बसला आणि मागे पोलिसांच्या गाडीचे निळे दिवे लागले. ओडेसाबाई तिच्याही मागच्या गाडीत होत्या, मी त्यांच्या शेजारी. आम्ही उतरून पोचेपर्यंत मावशींचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, बोटं पसरलेली, हात रिकामे दिसावेत म्हणून जशी ठेवायला आम्ही सगळे लहानपणीच शिकतो. शिपाई अगदी तरुण होता, आणि नम्र. त्याच्या शर्टावर मोहरीचा पिवळा डाग होता.

"सॅलड फार छान झालं होतं, मॅडम," तो म्हणत होता. "गाडीची कागदपत्रं?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी भाचीकडे पाहिलं. "बघ, ओडेसा," त्या म्हणाल्या. "चाटूनपुसून खाल्लं यांनी."

ओडेसाबाईंनी आदेशाचा कागद मावशींच्या गाडीच्या टपावर ठेवला आणि समितीशिवाय, महापौरांशिवाय, स्वतःची सही ठोकली. मग तो शिपायाच्या हातात दिला. "वाच," त्या म्हणाल्या, "आणि घरी जा." इतकं चांगलं अक्षर मी आमच्या खात्यात दुसरं पाहिलेलं नाही.

तो आदेश जवळजवळ एक आठवडा टिकला. त्या आठवड्यात नदीकाठी दिवे गेलेल्या गाड्या मोकळ्या फिरल्या आणि अराजक माजलं नाही. हा योगायोग असल्याचं समितीने स्पष्ट केलं. मग शिस्तभंगाबद्दल ओडेसाबाईंना सन्मानाने निरोप देण्यात आला. त्यांचं तैलचित्र जिन्यात लागलं. तिघांत त्या एकट्याच हसत नाहीत. चित्रकाराने दोनदा प्रयत्न केला. त्या रविवारी त्या चर्चमध्ये आल्या तेव्हा मावशी आपल्या बाकावर सरकून बसल्या आणि शेजारची जागा हाताने पुसली.

चौथा प्रमुख म्हणून मला नेमलं. फोटो उत्तम आला.

नेमणूक झाल्यावर मी मावशींकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, गोड चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. सॅलडचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि मीही काढू शकलो नाही. पुढच्या वनभोजनाला सॅलड मी स्वतः केलं. माझी बायको चर्चच्या बायकांमध्ये बसली होती, तिनेही विचारलं, "हे कुणी केलंय?" विश्वास शून्यावर आला. शून्यावर असताना नियम बदलणं किती धोक्याचं, हे मी आधी सांगितलंच आहे.

हल्ली मला ठिकठिकाणी या विषयावर भाषणाला बोलावतात. पोलीस येतात, प्राध्यापक येतात, तुमच्यासारखे सहृदय लोक येतात. मी सगळी हकीगत सांगतो, लोक हळहळतात, आणि शेवटी कुणीतरी हात वर करून विचारतं की मावशी त्यात सर्वांत शेवटी घालतात तरी काय. सभागृह लगेच सरसावून बसतं. तुम्हीही मघापासून त्याच उत्तराकडे डोळे लावून बसला आहात, हे मला दिसतंय.

सांगतो. ती गोष्ट मला ओडेसाबाईंनी सांगितली आहे. फक्त त्याआधी, मागे वळून न बघता, तुम्ही मला एवढंच सांगा, मावशींच्या गाडीचा कुठला दिवा गेला होता?