बाबांचा हॉर्न

"बाबा, तू आयुष्यात एकदा तरी हॉर्न वाजवलायस का?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून सुनिव्हानं विचारलं. तिच्या बाबांनी, म्हणजे टॉर्गेरनी, स्टिअरिंगवरचे हात आणखी घट्ट केले.

"ही व्हॅन घेतल्यापासून एकदाही नाही. गाडी तपासणारा बटण दाबायला गेला, तर त्यालाही म्हटलं, राहू दे, शेजारी झोपले असतील."

"दुपारी?"

"दुपारीच दमतात लोक."

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कमध्ये, एवढा उन्हाळा म्हणजे चैनच. आजीचा ऐंशीवा वाढदिवस बेटावर होता. चारची फेरीबोट गाठायची होती, नाहीतर दुसरी बोट थेट उद्या. आई, राग्निल्ड, स्ट्रॉबेरी-क्रीमचा तीन मजली केक मांडीवर घेऊन बसली होती, कारण तो त्यांच्या कॅम्पर-व्हॅनच्या छोट्या फ्रीजमध्ये मावत नव्हता. आणि सुनिव्हा सोळा वर्षांची झाली होती. सोबत आईबाबांपैकी कुणी असेल तर तिला आता गाडी शिकता येत होती. लाल 'L' ची पाटी चमच्यांच्या खणात तयार होती. बाबा मात्र म्हणायचे, "पुढच्या सरळ रस्त्यावर." सगळा फिनमार्क सरळ गेला, तरी पुढचा रस्ता काही आला नाही.

त्याऐवजी बोगदा आला, आणि त्याच्या तोंडाशी रेनडिअर. उन्हाला आणि डासांना वैतागून अख्खा कळप सावलीत रवंथ करत बसला होता.

"वाजव ना रे," आई म्हणाली.

"दचकतील बिचारे!"

मागे गाड्या साचू लागल्या. कुणीही हॉर्न वाजवला नाही. इंजिनं बंद झाली, घडीच्या खुर्च्या निघाल्या, कॉफी निघाली. बाबांना तर आणखीच अपराधी वाटलं.

"सगळ्यांची माफी मागून येतो," म्हणत ते उतरले आणि एकेका खिडकीशी वाकत वळणापलीकडे दिसेनासे झाले.

तेवढ्यात सूर्यावर ढग आला, गार वारा सुटला. रेनडिअर उठले, अंग झटकलं आणि कुणावर उपकार केल्याचा आव न आणता डोंगरावर निघून गेले. रस्ता मोकळा!

आईनं बाबांना फोन लावला. तो डॅशबोर्डवरच वाजला.

मागच्या गाडीतल्या बाईंनी खुर्चीची घडी केली आणि त्या गाडीत शांतपणे पुढे बघत बसल्या. त्यांच्या मागचे सगळेही तसेच. हे लोक हिवाळ्यापर्यंत असेच बसले असते.

"आई, तू चालव."

"आणि हा केक कोण धरणार? तुझ्या हातात दिला तर बेटावर नुसती बशी पोचेल!"

"मग बाबाला हाक मारते," म्हणत सुनिव्हानं पुढे वाकून जोरात हॉर्न दाबला. काहीच नाही. परत दाबला. दोन्ही हातांनी दाबला. व्हॅननं साधा हुंकारही दिला नाही.



"म्हणजे इतकी वर्षं..." आई म्हणाली आणि केक हलेल इतकी हसली. मग घड्याळ बघून हसू आवरलं. "बस स्टिअरिंगला. बाबाला मागचं कुणीतरी आणेल. पण पाटी लाव आधी!"

सुनिव्हानं मागे जाऊन पाटी लावली. मागच्या बाईंनी मान डोलावली, आणि आपली गाडी हळूच थोडी मागे घेतली.

पहिल्यांदा इंजिन बंद पडलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा व्हॅन बोगद्यात शिरली. आई केकशी बोलत होती, "काही नाही होत, काही नाही होत." मागून सगळी रांग बैलगाडीच्या वेगानं निघाली, आणि एकानंही ओव्हरटेक केलं नाही.

धक्क्यावर बोट उभी होती. वेळ कधीच टळली होती, पण कप्तान म्हणाला, "रांग येताना दिसली. भोंगा वाजवून घाई कशाला करायची?"

शेवटच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गवताच्या भाऱ्यांवर बसून बाबा आले. केसांत गवत, चेहरा लाल.

"मला सोडून गेलात? एक हॉर्न तरी द्यायचा!"

"दिला, बाबा. दाबून बघ."

टॉर्गेरनी आजूबाजूला बघितलं, कुणी झोपलेलं नाही याची खात्री केली आणि हळूच बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं.

सुनिव्हानं चावी खिशात टाकली.

"आईबाबा, माझं ठरलंय. बेटावर आजीच्या दारापर्यंत मी चालवणार. आई शेजारी बसेल, बाबा मागे केक धरेल. आणि कुणी आडवं आलं, तर बाबा खिडकीतून ओरडेल."